आधी जाब कोणाला? सिंगापूरच्या बँका, ठेवीदार आणि बारा तासांचा हिशेब

७९० खातेदार आणि १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ७५ कोटी रुपये. सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून एवढी रक्कम गेली, ती बहुतांशी डिसेंबर २०२१ मध्ये, त्यातही महिन्याच्या उत्तरार्धात. सरासरी काढली तर दर खातेदारामागे १७,३०० डॉलरहून अधिक.

पैसे गेले ते असे. ग्राहकाच्या मोबाइलवर बँकेच्या नावाने संदेश यायचा. पाठवणाऱ्याचे नाव 'ओसीबीसी' असेच दिसे, त्यामुळे फोन तो संदेश बँकेच्या जुन्या, खऱ्या संदेशांच्याच रांगेत नेऊन ठेवी. वर कालचा खरा ओटीपी आणि त्याच्याच खाली आजचा खोटा इशारा. खात्यात काही गडबड आहे, या लिंकवर जाऊन तपासा, असा मजकूर असे. लिंकमागे बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल होती. ग्राहकाने तिथे नाव, पासवर्ड आणि ओटीपी भरला की चोर आपल्या फोनवर त्या खात्याचे डिजिटल टोकन, म्हणजे व्यवहारांना मंजुरी देणारी फोनमधली सोय, सुरू करी, व्यवहाराची मर्यादा वाढवी आणि काही मिनिटांत खाते रिकामे करी. काहींची आयुष्यभराची बचत यात गेली.

जानेवारी २०२२ मध्ये बँकेने सर्वांचे पूर्ण पैसे परत दिले. मात्र ते 'सदिच्छा म्हणून' दिले, कायदेशीर देणे म्हणून नाही. पुढच्या तीन वर्षांची सारी चर्चा या एका शब्दाभोवती फिरत राहिली. ठेवीदाराचे पैसे सांभाळण्यात बँकेने हयगय केली तर भरपाई हा त्याचा हक्क आहे, की बँकेचा मोठेपणा?

मे २०२२ मध्ये मॉनेटरी अथॉरिटी ऑफ सिंगापूरने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, आपला निष्कर्ष दिला. बनावट संदेशांच्या या लाटेला तोंड देण्यात ओसीबीसी कमी पडली, असे म्हणत तिने बँकेला सुमारे ३३ कोटी डॉलरचे जादा भांडवल बाजूला ठेवायला लावले. कामकाजातील जोखमीपोटी बँकेची जी आकडेमोड होते तिला १.३ ने गुणायचे, असा तो आदेश होता. हा दंड नव्हे. पैसे बँकेचेच राहतात. पण तेवढे भांडवल अडकून पडते, त्याच्या जोरावर नवे कर्ज देता येत नाही. ग्राहकांच्या १ कोटी ३७ लाखांसमोर बँकेचे ३३ कोटी, म्हणजे चोवीस पट. बँकेच्या संचालकांना हयगयीची किंमत समजावी यासाठी हा आकडा पुरेसा होता. ठेवीदाराच्या हाती मात्र त्यातून काहीच आले नाही. उद्या दुसऱ्या बँकेत असेच घडले तर आपल्याला पैसे मिळतील का, या त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

जुना कायदा या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट देत असे. १८४८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'फोली विरुद्ध हिल' या खटल्यात ठरवले की ठेव म्हणजे बँकेला दिलेले कर्ज. बँकेत गेलेला पैसा बँकेचा होतो आणि ठेवीदार तिचा धनको होतो. सिंगापूरचा आणि भारताचा बँकिंग कायदा याच पायावर उभा आहे. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. खोट्या सहीच्या धनादेशावर बँकेने पैसे दिले तर तिने स्वतःचे पैसे घालवले. ठेवीदाराचे येणे जसेच्या तसे उभे राहते. तिथे बँकेची हयगय सिद्ध करण्याचीही गरज नाही; ग्राहकाचा हुकूम नव्हता, एवढे पुरते.

१९८५ मध्ये हाँगकाँगहून प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, गेलेला 'ताई हिंग कॉटन मिल'चा खटला या तत्त्वाची कसोटी ठरला. गिरणीच्या एका हिशेबनिसाने सुमारे ३०० धनादेशांवर खोट्या सह्या करून ५५ लाख हाँगकाँग डॉलर काढले. बँकांचे म्हणणे होते, दर महिन्याला खातेउतारा जात होता, गिरणीने तो तपासायला हवा होता. प्रिव्ही कौन्सिलने ते मानले नाही. उतारा तपासण्याचे बंधन ग्राहकावर नाही, भुर्दंड बँकांचा. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 'कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन' या खटल्यात हाच कल दिला. तिथे ४२ धनादेश होते आणि रक्कम ३ लाख २६ हजारांची. वर्षानुवर्षे पासबुकाकडे लक्ष दिले नाही म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही, असे न्यायालयाने म्हटले.

बँकांनी यातून धडा घेतला, पण तो स्वतःच्या सोयीचा. खाते उघडताना ज्या कागदांवर आपण न वाचता सह्या करतो त्यांत एक कलम आले: उतारा मिळाल्यापासून अमुक दिवसांत हरकत घेतली नाही तर तो अंतिम मानला जाईल. सिंगापूरच्या न्यायालयांनी अशी कलमे वैध धरली. २००६ च्या 'पर्टामिना एनर्जी ट्रेडिंग विरुद्ध क्रेडिट सुईस' या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने अशा कलमाच्या आधारे बँकेचे संरक्षण मान्य केले. तत्त्व ठेवीदाराच्या बाजूचे राहिले आणि करार बँकेच्या बाजूचा झाला.

पासवर्ड आणि ओटीपी आल्यावर सहीचा प्रश्नच संपला. खोटी सही ओळखता येते. खरा ओटीपी चोराने टाकला तरी बँकेच्या यंत्राला तो खराच दिसतो. 'हुकूम तुमच्याच नावाने आला होता' असे बँक म्हणू लागली, आणि ते उलटवायचे तर ग्राहकाला बँकेच्या सर्व्हरमध्ये शिरून पुरावा आणावा लागला असता. हयगय झाली असे म्हणणे सोपे आहे, पण ती मोजायची कशाने? सिंगापूरने पुढे जे केले त्याचे मोल मला वाटते ते इथे. त्याने हयगय तासांत आणि डॉलरमध्ये मोजता येईल अशी करून टाकली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकसान कोणी किती सोसायचे याचा आराखडा तीन महिन्यांत चर्चेसाठी खुला करू, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात तो २५ ऑक्टोबर २०२३ रोजी आला. अंतिम मार्गदर्शक सूचना २४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या आणि १६ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. ओसीबीसीच्या घटनेला तोपर्यंत तीन वर्षे झाली होती. हा उशीर लहान नव्हता, कारण दरम्यान लुटले गेलेल्या माणसांना या आराखड्याचा काहीच उपयोग नव्हता.

'सामायिक जबाबदारी' असे त्या आराखड्याचे नाव. त्यात बँकेवर पाच कर्तव्ये आहेत. नव्या फोनवर डिजिटल टोकन सुरू झाले की पुढचे १२ तास त्यावरून कोणतीही जोखमीची कृती होऊ द्यायची नाही. नवा लाभार्थी जोडणे नाही, मर्यादा वाढवणे नाही. टोकन सुरू झाल्याचा किंवा अशी कृती झाल्याचा इशारा ग्राहकाला त्याच क्षणी द्यायचा. खात्यातून पैसे बाहेर पडले की त्याचाही इशारा त्याच क्षणी. तक्रारीसाठी चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस दार उघडे हवे, आणि ग्राहकाला स्वतःच खाते गोठवता येईल असे बटण हवे. तिथे त्याला 'किल स्विच' म्हणतात. पाचवे कर्तव्य सर्वांत वजनदार आहे, म्हणून बँकांना त्यासाठी सहा महिन्यांची जादा मुदत मिळाली: खाते झपाट्याने उपसले जात असेल तर ते ओळखून थांबवणे. याचा मापदंडही आकड्यांत दिला आहे. खात्यात ५०,००० डॉलर किंवा अधिक शिल्लक असेल आणि २४ तासांच्या आत निम्म्याहून जास्त रक्कम बाहेर चालली असेल, तर बँकेने व्यवहार अडवायचा, किंवा २४ तास रोखून धरायचा.

२०२१ च्या घटनेवर हे नियम ठेवून पाहा. चोराने टोकन सुरू केले त्या क्षणापासून खाते रिकामे होईपर्यंत मिनिटे लागली होती. बारा तासांची अट असती तर रात्री दहाला टोकन सुरू करणाऱ्याला सकाळी दहापर्यंत थांबावे लागले असते. तोवर इशारा वाचून ग्राहकाने बटण दाबले असते. हे नियम अभ्यासिकेत बसून सुचलेले नाहीत. त्या ७९० खात्यांत पैसे जिथून निसटले ती एकेक फट पाहून लिहिले आहेत.

आता सर्वांत मोलाची गोष्ट: क्रम. पैसे गेल्याची तक्रार आली की आधी बँकेची तपासणी होते. पाचांपैकी एक कर्तव्य जरी तिने चुकवले असेल तर संपूर्ण नुकसान बँकेचे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला होता का, हा प्रश्न तिथे तिला वाचवत नाही. बँक निर्दोष ठरली तर पाळी मोबाइल कंपनीची. तिच्यावर तीन कर्तव्ये आहेत, त्यांचा गाभा असा की नोंदणी नसलेल्या मार्गाने आलेले, संस्थेचे नाव लावलेले संदेश अडवायचे आणि घातक लिंक असलेले संदेश गाळायचे. तीही निर्दोष असेल तरच नुकसान ग्राहकाचे. साध्या प्रकरणात कामकाजाचे २१ दिवस आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात ४५ दिवस, एवढ्यात बँकेने तपास संपवायचा.

मोबाइल कंपन्यांना यात ओढणे योग्यच होते. पाठवणाऱ्याच्या नावांची नोंदणी मार्च २०२२ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि २०२१ ची शेवटची तिमाही व २०२२ ची दुसरी तिमाही यांची तुलना केली तर संदेशांतून होणाऱ्या फसवणुकीची प्रकरणे ६४ टक्क्यांनी घटली. ३१ जानेवारी २०२३ पासून ही नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकाने सावध राहावे अशी शंभर आवाहने करून जे साधत नाही ते एका नोंदवहीने साधले.

पण आराखड्याचे कौतुक इथे थांबवावे लागते, कारण पुढचे आकडे वेगळे बोलतात.

२०२४ मध्ये सिंगापूर पोलिसांकडे फसवणुकीची ५१,५०१ प्रकरणे नोंदली गेली आणि नुकसान १.१ अब्ज डॉलरवर गेले. एका वर्षात अब्जाचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या वर्षी तो ६५ कोटी १८ लाख होता. या वाढीत चार प्रचंड प्रकरणांचा वाटा होता, त्या चारांतच २३ कोटी ७९ लाख गेले. सुमारे ७० टक्के तक्रारदारांचे नुकसान ५,००० डॉलरच्या आत होते. म्हणून सरासरीवरून सामान्य माणसाचा अंदाज बांधू नये.

आता या १.१ अब्जांपैकी आराखड्याच्या कक्षेत किती येते ते पाहू. आराखडा फक्त बनावट लिंकवर माहिती काढून घेऊन झालेल्या फसवणुकीला लागू आहे. २०२४ मध्ये अशा प्रकारची ८,५५२ प्रकरणे झाली आणि त्यांत ५ कोटी ९४ लाख डॉलर गेले. एकूण नुकसानीच्या शंभर डॉलरमागे साडेपाच डॉलरही नाहीत. त्यातलीही सगळी प्रकरणे बसत नाहीत, कारण फोनवर बोलता बोलता सांगितलेला पासवर्ड आराखड्याबाहेर आहे, आणि फोनमध्ये घातक ॲप घुसवून केलेली चोरीही बाहेर आहे. उलट गुंतवणुकीच्या आमिषात ३२ कोटी ७ लाख, नोकरीच्या आमिषात १५ कोटी ६२ लाख आणि सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून १५ कोटी १३ लाख गेले. या तिन्हींची बेरीज एकूण नुकसानीच्या ५७ टक्के होते, आणि बँकेने त्यातला एक डॉलरही द्यावा असे आराखडा म्हणत नाही.

कारण पोलिसांच्याच आणखी एका आकड्यात आहे. २०२४ च्या ८२.४ टक्के प्रकरणांत पैसे ग्राहकाने स्वतःच्या हाताने पाठवले होते. हुकूम खरा, सही खरी, फक्त मन फसलेले. इथे १८४८ चे तत्त्व कामाला येत नाही, कारण बँकेने ग्राहकाचाच हुकूम पाळलेला असतो. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २०२३ रोजी 'फिलिप विरुद्ध बार्कलेज' या खटल्यात हेच सांगितले. एका दांपत्याने भामट्यांच्या सांगण्यावरून दोन हप्त्यांत ७ लाख पौंड संयुक्त अरब अमिरातीत पाठवले होते. ग्राहक स्वतः स्पष्ट हुकूम देत असताना तो का देतो आहे याची चौकशी करण्याचे कर्तव्य बँकेवर नाही, असा निकाल लागला. इंग्लंडचे निकाल सिंगापूरवर बंधनकारक नसले तरी तिथली न्यायालये ते गांभीर्याने पाहतात.

न्यायालयाने जे संरक्षण दिले नाही ते इंग्लंडने नियमाने दिले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे, ग्राहकाने स्वतः पाठवलेले पैसे फसवणुकीत गेले असतील तरीही, देशांतर्गत व्यवहारात ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई सक्तीची आहे. अर्धी पाठवणाऱ्या बँकेने द्यायची, अर्धी स्वीकारणाऱ्या बँकेने. सिंगापूरने ही वाट घेतली नाही. त्याऐवजी ७ जानेवारी २०२५ रोजी संसदेने एक कायदा केला, जो १ जुलै २०२५ पासून लागू झाला. एखादा माणूस भामट्याला पैसे पाठवायला निघाला आहे आणि कोणाचेच ऐकत नाही, अशी पोलिसांची खात्री झाली तर ते बँकेला त्याचे व्यवहार ३० दिवस रोखण्याचा आदेश देऊ शकतात आणि तो पाच वेळा वाढवू शकतात. वृद्ध आईवडिलांसाठी धडपडणाऱ्या मुलांना याचा आधार मोठा आहे. भरपाईची हमी मात्र तो देत नाही.

स्वीकारणाऱ्या बँकेचा प्रश्न सिंगापूरच्या आराखड्याने जवळपास सोडूनच दिला आहे, आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. चोरीचा पैसा कोणत्या तरी खात्यात उतरतो. ते खाते कोणत्या तरी बँकेने उघडून दिलेले असते. तिथली हयगय ही सुद्धा हयगयच आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये, म्हणून आता आपला नियम. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले परिपत्रक काही बाबतीत सिंगापूरच्या पुढे होते, आणि सात वर्षे आधी आले होते. बँकेची हयगय असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने तक्रार केली असो वा नसो. बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष तिसऱ्याच ठिकाणी आहे, अशा वेळी कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर खात्याच्या प्रकारानुसार तोटा ५,००० ते २५,००० रुपयांपर्यंत मर्यादित; साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा १०,००० ठरवली. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

हे कागदावरच राहिलेले नाही. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये व्याजासह परत करायला लावले. ग्राहकाला ओटीपी न येताच तिथे नवे लाभार्थी जोडले गेले होते. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचे अपील फेटाळून एका खातेदाराला ९४ हजार रुपये देण्याचा आदेश कायम केला. त्या खातेदाराने २४ तासांच्या आत तक्रार केली होती.

पण याच परिपत्रकात एक वाक्य आहे: ग्राहकाने आपली गुप्त माहिती कोणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे. आपल्याकडे बँका दाव्याला पहिले उत्तर देतात ते याच वाक्याचे बोट धरून. ओटीपी दिला होता ना? मग विषय संपला. बँकेने इशारा वेळेवर पाठवला का, नव्या फोनवर टोकन सुरू झाल्यावर वाट पाहायला लावली का, रात्री तीन वाजता तक्रारीचा फोन उचलला का, हे प्रश्न ग्राहकाने न्यायालयात जाऊन विचारायचे. म्हणजे सिंगापुरात पहिला जाब बँकेला आणि शेवटचा ग्राहकाला. आपल्याकडे व्यवहारात क्रम नेमका उलटा. निवृत्तीचे पैसे गमावलेल्या माणसासाठी या क्रमात सारा फरक आहे. उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती जणांची असते?

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. ठेव विमा ही वेगळी गोष्ट आहे. भारतात ५ लाख रुपयांपर्यंत, सिंगापुरात १ एप्रिल २०२४ पासून १ लाख डॉलरपर्यंत, असे हे संरक्षण आहे. पण ते बँकच बुडाली तर. डबघाईला आलेल्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना त्याचा अर्थ चांगला कळला आहे. बँक धडधाकट उभी आहे आणि फक्त तुमचे खाते रिकामे झाले, तर हा विमा एक रुपयाही देत नाही.

सिंगापुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. नोव्हेंबर २०२३ पासून डीबीएस, ओसीबीसी आणि यूओबी या तिन्ही बँकांत ठेवीचा काही भाग ऑनलाइन हलवता येणार नाही असा कुलूपबंद करण्याची सोय आहे. मोठी रक्कम तिथे ठेवावी. आणि किल स्विच ॲपमध्ये कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः भारतातून येऊन राहिलेल्या आईवडिलांनी, एकदा उघडून पाहावे. बँकेने दावा नाकारला तर फायडरेक या तंटा निवारण संस्थेकडे १,५०,००० डॉलरपर्यंतचे दावे नेता येतात, वकील लागत नाही.

रिझर्व्ह बँकेकडे मागणी एकच आहे. ग्राहकाच्या जबाबदारीचे नियम पुढे कधीही लिहाल तेव्हा त्यांत बँकेची कर्तव्ये तासांत आणि रुपयांत लिहा, आणि त्यांतले एकही चुकले असेल तर ओटीपी कोणी दिला हा प्रश्न बँकेला विचारू देऊ नका.